दर्यान्हाणाला न्यायला चाकांचा आइस बॉक्स घ्यावा का? कोणता?

अंत्रुजची लेक

मंडळी, सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल.

आमचं घर गोव्यात, फोंड्याच्या बाजूला. मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसं गावी आली की दर्यावर न्हायला जायचं ठरलेलंच. सासूबाई म्हणतात, मिरग (मृग नक्षत्र, म्हणजे पाऊस) लागायच्या आधी खाऱ्या पाण्याची न्हाणी झालीच पाहिजेत. कधी मिरामार, कधी कोलवा, पाहुण्यांनी हट्ट धरला तर केरी. दोन गाड्या भरून माणसं निघतात. सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे आणि मुलं बहुतेक दहाच्या आतली.

खाणंपिणं सगळं घरूनच नेतो. कोकम सरबत, ताक, सोलकढी, दहीभात, चिरलेलं कलिंगड, मुलांसाठी मानकुराद आंब्याच्या फोडी आणि साधं पाणी. सासऱ्यांचं इन्सुलिनही बरोबर असतं. परत येताना रांपणीची (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याची) मासळी दिसली की सासूबाईंचा पाय निघत नाही, मग तीही त्याच पेटीतून घरी येते.

आतापर्यंत मासळीवाल्याकडची थर्मोकोलची पेटी वापरली. तिचे पांढरे दाणे सगळीकडे पडतात, सरबतातसुद्धा. कोपरा तुटलाय, झाकण सुतळीने बांधावं लागतं. भरली की दोन पुरुष माणसांनी उचलायची. यंदा मोठ्या दिरांची पाठ धरलेली आहे आणि धाकटे बोटीवर आहेत. म्हणजे पेटी मी आणि जाऊबाईंनीच न्यायची. म्हणून चाकांचा, ओढून न्यायचा बॉक्स घ्यायचं मनात आहे.

दुकानात आणि ऑनलाइन बघितले तर सगळ्यांवर ‘तीन दिवस बर्फ टिकतो’, ‘पाच दिवस टिकतो’ असंच लिहिलेलं. आम्हाला तीन दिवस नकोच आहे, सकाळी सातला निघून दुपारी तीनपर्यंत गार राहिलं तरी पुष्कळ. मला खरं विचारायचंय ते चाकांबद्दल. वाळूत ती चालतात का? आणि एवढ्या माणसांना किती लिटरचा लागेल? ज्यांनी प्रत्यक्ष वापरलाय त्यांनी कृपया सांगा.

सासष्टीची सून

ताई, आमच्याकडे आहे चाकांचा. पार्किंगपासून वाळूपर्यंत झकास चालतो. वाळूत गेला की चाकं फिरायचीच थांबतात आणि नांगर ओढल्यासारखा ओढावा लागतो. कोलव्याला तर गाडी लावली की पाण्यापर्यंत केवढी सुकी वाळू! तरीही घ्या म्हणेन, कारण घरापासून गाडी आणि गाडीपासून वाळूची कड एवढा त्रास तरी वाचतो. फक्त लहान चाकांचा घेऊ नका.

मालीमचा बर्फवाला

अंत्रुजच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण तुम्ही चाकांचं विचारलंत. बहुतेक लोक किती दिवस बर्फ टिकतो तेवढंच विचारतात.

मी मासळीच्या धंद्यात आहे. मालीम जेटीवर मासळी घ्यायची, बर्फात भरायची, चोर्ला घाटातून बेळगावकडे पाठवायची. पेट्या, बर्फ आणि पाणी हाच दिवसभराचा विषय. शिवाय घरची पोरंबाळं घेऊन दर्यावर जाणं असतंच, त्यामुळे सहलीच्या बॉक्सची ओढाताणही हाताला ठाऊक आहे.

आधी बर्फाचा हिशेब, कारण त्यावरून आकार ठरेल आणि आकारावरून चाकं.

एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक लिटर पाण्याचं तापमान एका अंशाने उतरवायला ४.१८ किलोज्यूल काढावे लागतात. मे महिन्यात घरातलं पाणी ३० अंशांवर असतं, ते ५ अंशांवर आणायचं म्हणजे लिटरमागे जवळजवळ १०५ किलोज्यूल. म्हणजे एका लिटरला ३०० ग्रॅमच्या वर बर्फ खर्च. तुमची सरबतं, ताक आणि पाणी मिळून वीस लिटर धरलं आणि ते घरातून तसंच कोमट नेलंत, तर सहा किलोंवर बर्फ नुसतं ते गार करण्यातच संपेल.

आता पेटीच्या भिंतींतून आत येणारी उष्णता बघा. ४५ लिटरचा बॉक्स, भिंतीत तीन सेंटीमीटर पॉलियुरेथेन फोम, बाहेर ३३-३४ अंश, सावली. माझ्या हिशेबाने तासाला पाव किलोच्या आसपास बर्फ वितळतो. सात ते तीन, आठ तास, म्हणजे दोन किलो. झाकण सारखं उघडलंत तर त्यात भर.

दोन किलो भिंतीसाठी आणि सहा किलो कोमट बाटल्यांसाठी! म्हणून महागाचा बॉक्स घेऊन त्यात कोमट पाणी भरण्यापेक्षा साधा बॉक्स घेऊन सगळं आदल्या रात्री फ्रिजमध्ये गार केलेलं केव्हाही चांगलं. पाण्याच्या निम्म्या बाटल्या तर सरळ फ्रीझरमध्येच घाला. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं, म्हणून बाटली गळ्याच्या खूप खालपर्यंतच भरा. त्याच बाटल्या तुमचा बर्फ, आणि दुपारी तेच प्यायचं पाणी. वेगळा बर्फ जवळजवळ लागतच नाही, तेवढं वजन कमी होतं. रिकामा बॉक्सही आदल्या रात्री एखादी गोठवलेली बाटली घालून बंद करून ठेवा. पत्र्याच्या माळ्यावरून काढलेला बॉक्स स्वतःच तापलेला असतो आणि पहिला बर्फ तोच खातो.

पाच दिवसांचं लेबल बाजूला ठेवा. तसली चाचणी डबा बर्फाने भरून, झाकण न उघडता करतात. दहा मिनिटांनी एक पोरगा येऊन झाकण उघडतो, ते त्यात धरलेलं नसतं.

आता आकार. ६० लिटरचा बॉक्स दुकानात रिकामा ओढून बघितला की फुलासारखा वाटतो. भरला की आतच चाळीस-पन्नास किलो होतात. तो तुम्ही दोघी बायकांनी डिकीत चढवायचा कसा? चाकं जमिनीवर उपयोगाची, डिकीत चढवताना हातच लागतात. माझं स्पष्ट मत, एक मोठा घेऊ नका. चाकांचा ३५ ते ४५ लिटरचा फक्त पिण्याच्या वस्तूंसाठी घ्या आणि दहा-बारा लिटरचा हातात धरायचा छोटा डबा खाण्यासाठी. पिण्याचा दर पाच मिनिटांनी उघडतो, खाण्याचा एकदाच. दोन्ही एकत्र ठेवले की दहीभाताला त्याची शिक्षा.

चाकांकडे येतो. बॉक्सच्या कोपऱ्यात बसवलेली मुठीएवढी कडक प्लास्टिकची चाकं विमानतळाच्या फरशीवर ठीक. सुक्या वाळूत ती रुततात, फिरत नाहीत, वाळू पुढे ढकलत राहतात. वाळूत दोन गोष्टी चालतात: चाकाची उंची आणि चाकाची रुंदी. उंच चाक वाळूच्या ढिगावर चढतं, रुंद चाक वजन पसरवतं म्हणून कमी रुततं. परदेशात दर्यासाठी फुग्यासारखी मऊ, कमी हवेची मोठी चाकं मिळतात, आणि ती खरोखर वाळूवरून तरंगत जातात. आपल्याकडच्या दुकानात तशी सहसा दिसत नाहीत. मग जो बॉक्स मिळेल त्यात मोठ्यात मोठं आणि रुंदात रुंद चाक बघायचं.

आणि आस बघा, आस. बॉक्स उलटा करा. दोन्ही चाकांतून आरपार एक लोखंडी किंवा स्टीलची कांब गेलेली असेल तर चांगलं. चाक नुसतं प्लास्टिकच्या खुंटीवर दाबून बसवलेलं असेल तर ती खुंटी चिऱ्याच्या पायरीवर एकदा आपटली की संपली. आपल्याकडे दर्यावर उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या कितीतरी ठिकाणी आहेत. दांडाही ओढून बघा. सूटकेससारखा पातळ नळीचा, दोन टप्प्यांत बाहेर येणारा दांडा वाळूत वाकतो आणि त्याच्या खाचेत वाळू गेली की आत जायचं नाव घेत नाही. एकसंध, बिजागरीवर फिरणारा दांडा बरा. तो तुमच्या उंचीला पुरतोय ना तेही बघा, आखूड असला तर चालताना बॉक्स टाचेला लागतो.

वाळूत ओढताना एक करा: भरतीच्या रेषेपर्यंत सरळ आणि लवकर पार व्हा, मग ओल्या वाळूवरून चाला. ओली वाळू घट्ट, तिच्यावर लहान चाकंही चालतात. आपले जुने लोक तिथीवरून भरती सांगायचे, तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमेला, अमावास्येला भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास ओहोटी आणि ओल्या वाळूचा रुंद पट्टा मोकळा. अष्टमीला उलट, ओहोटी भर दुपारी. तुम्ही सातला निघून आठला पोहोचणार, तर पौर्णिमा-अमावास्या आणि त्यांच्या पुढचे एक-दोन दिवस सोयीचे. मात्र भरती चढू लागली की पेटी मागे घ्यायला विसरू नका.

अगदीच रुतला तर जाड ताडपत्रीच्या तुकड्यावर आडवा ठेवून ओढा. बॉक्सची पाठ सपाट असते, चाकांपेक्षा सोपा जातो.

काणकोणकार

बर्फवाल्या बाबांनी सगळं सांगितलंच आहे. मी दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. हंगाम हिवाळ्यातला, पण पिल्लं बाहेर पडणं पुढे उन्हाळ्यापर्यंत चालतं. अंडी असतात ती वरच्या सुक्या वाळूत, नेमक्या त्याच पट्ट्यात जिथून आपण वजनदार बॉक्स ओढत नेतो. कुंपण घातलेल्या जागेपासून लांबून जा, आणि चाकांनी पडलेली खोल चाकोरी परतताना पायाने बुजवा. पिल्लू त्या चाकोरीत पडलं की पाण्याकडे जायचं सोडून चाकोरीच्या वाटेने चालत राहतं. आमच्या भागात ही काळजी घेणारी माणसं रात्र-रात्र जागतात, त्यांचे कष्ट वाया जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

दुसरी, गोव्याच्या पर्यटनस्थळांसाठीचा २००१ चा कायदा आहे, त्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन उघड्यावर स्वयंपाक करणं, दारू पिणं आणि बाटल्या फोडणं यांना दंड लागला. तुमचं खाणं घरून शिजवून नेता, त्यामुळे अडचण नाही. पण मुंबईच्या पाहुण्यांनी ‘तिथेच बांगडे भाजूया’ म्हटलं तर आधीच नको म्हणा. आणि दुसऱ्या कुणी आणल्या तरी काचेच्या बाटल्या बॉक्सातच नको. वाळूतली काच पुढच्या वर्षी कुणाच्या तरी पोराच्या पायात जाते.

सासष्टीची सून

बर्फवाले बाबा, एक शंका. खाली पाणी सोडायचं भोक असतं ना, बॉक्सला? आमच्याकडे त्यावरून वाद होतात. नवरा म्हणतो वितळलेलं पाणी लगेच सोडून दे, नाहीतर बर्फ लवकर जातो. मी म्हणते राहू दे.

आणि ओलं गोणपाट वर टाकलं की गार राहतं म्हणतात, ते खरं का?

मालीमचा बर्फवाला

बाटल्यांपुरतं तुमचं बरोबर. वितळलेलं पाणी शून्याच्या जवळपास असतं आणि बाटलीला चारी बाजूंनी भिडतं. बर्फाचे खडे बाटलीला ठिकठिकाणी नुसते टेकतात, मधे हवा राहते. त्यामुळे बर्फ आणि पाणी एकत्र असलं की बाटली कितीतरी लवकर गार होते. पाणी काढलंत की त्या जागी गरम हवा शिरते. तेव्हा पिण्याच्या बॉक्समध्ये पाणी राहू द्या.

मासळीला मात्र नवऱ्याचं बरोबर. मासळी पाण्यात लोळत ठेवली की मांस मऊ पडतं, चव पाण्यात जाते, रक्ताचं पाणी सगळीकडे फिरतं. खाली बर्फ, मग मासळी, वर बर्फ, आणि भोक उघडं. उन्हाळ्यात आम्ही जितकी मासळी तितका बर्फ असाच हिशेब धरतो. अंत्रुजच्या ताईंनी परतताना मासळी घ्यायची असेल तर सरबत पिऊन झाल्यावर बॉक्समध्ये बर्फ उरलाय का ते आधी बघा. नसेल तर मासळी विकणाऱ्याकडून बर्फ मागून घ्या, पण तो बर्फ खाण्याचा नसतो, त्यानंतर त्या बॉक्समधलं काही कुणी पिऊ नये.

बांगडा आणि तारली याबद्दल सगळ्यांनाच सांगतो. ही मासळी कोमट राहिली की जिवाणू तिच्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून किंवा तळून जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं, हे त्याचंच लक्षण असू शकतं. लोक समजतात मासळी बाधली, अंगाला मानवली नाही. खरं कारण ती गाडीच्या डिकीत तासभर बर्फाविना पडलेली असते. वासाने कळत नाही, हेच वाईट. म्हणून बांगडा घेतल्या क्षणी बर्फात.

गोणपाटाचं म्हणाल तर देशावर ते छान चालतं, कारण तिथली हवा कोरडी, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडे मे महिन्यात हवेतच इतकी वाफ असते की अंगावरचा घाम वाळत नाही, गोणपाट काय वाळणार! थोडा फायदा होईल, पण भरवसा ठेवू नका. त्यापेक्षा सुक्या पांढऱ्या चादरीची सावली करा. मिरामारला सुरूची झाडं आहेत, त्यांच्या बुडाशी बॉक्स ठेवा आणि सूर्य सरकेल तसा सरकवा. उन्हात उभ्या गाडीत बॉक्स कधीच ठेवू नका, बंद गाडीत पन्नास अंशांच्या वर जातं.

औषधवाली

मी फार्मसीत काम करते, म्हणून इन्सुलिनबद्दल लिहिते. ताई, सासऱ्यांचं इन्सुलिन सरबताच्या बॉक्समध्ये मुळीच ठेवू नका.

न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवायची असते. बर्फाला चिकटून राहिली तर ती गोठू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन विरघळल्यावर दिसायला जसंच्या तसं दिसलं तरी वापरायचं नसतं, टाकूनच द्यायचं. हे मी रोज काउंटरवर सांगते आणि तरीही लोक बर्फाच्या पिशवीत गुंडाळून घेऊन जातात.

चालू असलेलं पेन साधारणपणे ३० अंशांच्या आत बाहेर राहू शकतं, किती दिवस ते पाकिटावर लिहिलेलं असतं, बहुतेकांचं २८ दिवस. पण मे महिन्यात दर्यावर ३० च्या आत कुठलं! म्हणून तोंड रुंद असलेला छोटा थर्मास घ्या, आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून गार करा, पेन सुक्या नॅपकिनात गुंडाळून त्यात ठेवा. बर्फ नको. किंवा बर्फवाल्या बाबांनी सांगितलेल्या खाण्याच्या छोट्या डब्यात, गोठवलेल्या बाटलीपासून लांब, मधे जाड टॉवेल घालून. आणि तो डबा एका मोठ्या माणसाच्या ताब्यात असू दे.

खाण्याबद्दलही सांगते. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर गारव्यातून काढल्यावर तासाभरातच संपवावं. दहीभात, सोलकढी, कापलेली फळं, हे सगळं त्यात आलं. वृद्धांना आणि लहानांना पहिला त्रास होतो.

दिवचलची सुगरण

सोलकढीचं मी सांगू का? नारळाचा रस उन्हाळ्यात फार लवकर आंबतो. मी घरी सोलकढी बनवून नेतच नाही. आदल्या दिवशी पहिलं आणि दुसरं दूध काढते आणि एकत्र करून दोन सपाट स्टीलच्या डब्यांत घालून फ्रीझरमध्ये घट्ट गोठवते. आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस, वेगळ्या बाटलीत, मीठ घालून. मिरची, लसूण आणि कोथिंबीर वाटून त्याची छोटी डबी. दर्यावर गेल्यावर ते गोठलेले डबे बाकीचं खाणं गार ठेवतात, बारा वाजेपर्यंत दूध निम्मं विरघळतं, मग आगळ आणि वाटण त्यात घालून तिथेच ढवळायचं. असा रंग येतो आणि अशी थंडगार लागते की ताक कुणी विचारत नाही. आगळ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात, ॲल्युमिनियममध्ये नको. दर्यावर काच नको म्हणालात, तर चांगल्या प्लास्टिकच्या बाटलीतून न्या.

कलिंगड कापून नेऊ नका, अख्खं न्या. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेलं अख्खं पर्रा गावचं कलिंगड चादरीत गुंडाळलं की दुपारपर्यंत बॉक्सशिवाय गार राहतं. तेवढी जागा बॉक्समध्ये मोकळी. मानकुरादही अख्खेच.

अंत्रुजची लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंना गोठवलेल्या नारळाच्या दुधाची युक्ती फारच आवडली. इन्सुलिनसाठी थर्मास वेगळा काढून ठेवला.

काल मडगावला दुकानात जाऊन आले, टेप घेऊन गेले होते. दोन बॉक्स हातात घेऊन बघितले. पहिला ५५ लिटरचा, दिसायला भारी. चाकं ११ सेंटीमीटर उंच, साडेतीन रुंद. उलटा केला तर आस नाही, खुंट्यांवर बसवलेली चाकं. झाकणावर टकटक केलं तर पोकळ आवाज आला. दुसरा ४० लिटरचा, रंग जरा भडक निळा. चाकं १९ उंच आणि ७ रुंद, आरपार स्टीलची आस, दांडा एकसंध. दुकानदार पहिलाच घ्या म्हणत होता, किंमत जवळजवळ सारखीच. दुसऱ्याचं झाकण नीट बसतं का ते कसं तपासायचं? आणि त्याला मासळीचा वास राहिला तर सरबताला लागणार नाही ना?

मालीमचा बर्फवाला

दुसराच घ्या, ताई. तुम्ही बघायचं ते सगळं बघितलंत. पोकळ झाकण म्हणजे आत फोमच नाही, नुसती हवा. वरून ऊन लागलं की ते तापतं आणि आतली हवा तापवतं. बॉक्सच्या भिंती कितीही जाड असल्या तरी छप्पर पत्र्याचं असेल तर घर गार कसं राहणार? रंग निळा असला तरी पांढरी चादर टाकली की झालं.

झाकण तपासायला कागदाची एक पट्टी घ्या. अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज सुटली तर त्या जागी फट आहे. चारी बाजूंनी करून बघा, बिजागरीच्या बाजूला विशेष. दुसरी युक्ती, दुकानात अंधारा कोपरा असेल तर मोबाइलचा दिवा लावून आत ठेवा आणि झाकण लावा. उजेडाची रेघ दिसेल तिथून गारवा जाणार. झाकणाला रबराची पट्टी असेल तर उत्तम, ती काढून धुता येते का तेही विचारा. खालच्या भोकाचं बूच साखळीने बांधलेलं हवं, सुटं असलं तर पहिल्याच दर्यावर हरवतं.

वासाचं म्हणाल तर मासळी बॉक्समध्ये थेट ठेवू नका. जाड प्लास्टिकची ट्रे किंवा तळाला भोकं असलेली बादली आत बसवा, मासळी आणि तिचा बर्फ त्यात. बॉक्सला लागतं ते फक्त पाणी, तेही भोकातून जातं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी धुवा, सकाळवर टाकू नका. आधी गार पाण्याने, कारण गरम पाणी ओतलं की मासळीचं रक्त भिंतीला पक्कं धरतं. मग साबण, मग खाण्याचा सोडा पाण्यात कालवून तासभर आत ठेवा. झाकणाची रबरी पट्टी आणि भोक जुन्या टूथब्रशने घासा, वास तिथेच लपून बसतो. चाकं, आस आणि बिजागरी गोड्या पाण्याने वेगळी धुवा. खारं पाणी स्टीललाही सोडत नाही, वाळूचा कण आसेत राहिला तर चाक करकर करायला लागतं. सुकल्यावर आसेला खोबरेल लावू नका, वाळू चिकटते. मेण किंवा सिलिकॉनचा स्प्रे चालेल.

आणि मिरग लागला की बॉक्स माळ्यावर जाणार, तेव्हा झाकण कधीही घट्ट लावून ठेवू नका. आपल्या पावसात बंद डब्यात आठवड्याभरात बुरशी धरते. झाकणाखाली लाकडाची चीप ठेवून फट राखा, आत दोन-चार कोळसे कागदात गुंडाळून टाका, चतुर्थीला काढाल तेव्हा नुसतं पुसून वापरता येईल.